हब मोटरची इलेक्ट्रिक माउंटन सायकल: पांदणीवरचे पहिले दीडशे किलोमीटर

पांदणवाला (धागाकर्ता)

नवी गाडी आहे, दीडशे किलोमीटर झाले. दुकानात जे ऐकायला मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून फक्त रस्त्यावर जे दिसलं तेवढंच मांडतो.

गाडी अशी: अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, २७.५ चं चाक, २.२५ चा टायर, पुढे १०० मिमीचं स्प्रिंगवालं सस्पेन्शन, मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या डब्यात) २५० वॉटची मोटर, ३६ व्होल्ट १०.४ एएच बॅटरी, मागे ७ गिअर, दोन्हीकडे केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, पाच असिस्ट लेव्हल (मोटर किती मदत करेल त्याच्या पायऱ्या) आणि थ्रॉटल (पॅडल न मारता मोटर चालवायची मूठ). वजन २४ किलो. रोजचा रस्ता दर्यापूर तालुक्यातला. तीन किमी डांबर, चार किमी मुरूम-गिट्टी आणि शेवटची दोन किमी काळ्या मातीची पांदण, म्हणजे शेतात जायची कच्ची वाट.

१) पॅडल मारलं की अर्ध्या फेऱ्यानंतर मोटर जागी होते आणि एकदम ढकलते. डांबरावर मजा वाटते, गिट्टीवर वळताना नाही.
२) २५ च्या आसपास मोटर हात काढून घेते. त्यापुढे २४ किलोचं लोखंड आपणच ओढायचं. (अ‍ॅल्युमिनियम आहे, पण पायांना लोखंडच लागतं.)
३) चढावर डिस्प्लेवर बॅटरीच्या दोन दांड्या, सपाटीला आलं की पुन्हा चार.
४) पांदणीत लेव्हल ५ वर सावकाश गेलं की हब हाताला चटका देतो.
५) दीडशे किमीत तीन पंक्चर, तिन्ही मागे.

प्रश्न: यातलं स्वाभाविक काय आणि चुकीचं काय? आणि मे महिन्यात बॅटरी कुठे ठेवायची?

सातपुडा_चढाव

पहिला आणि चौथा मुद्दा एकाच मुळाचे आहेत, म्हणून एकत्र घेतो.

तुमच्या गाडीत कॅडन्स सेन्सर आहे. क्रँकजवळ (पॅडलच्या दांड्यांजवळ) काळी चकती दिसेल, तिच्यात लोहचुंबक बसवलेले असतात. पॅडल फिरतंय की नाही एवढंच तिला कळतं, पायाचा जोर किती हे कळत नाही. त्यामुळे हळू फिरवा की जोरात, मोटर त्या लेव्हलचा पूर्ण हप्ता देऊन टाकते. जोर मोजणारा टॉर्क सेन्सर महाग गाड्यांत असतो. इथे उपाय हाताचा आहे: खराब जागी लेव्हल १ किंवा २, आणि मागच्या ब्रेकचा लिव्हर दोन-तीन मिमी दाबून ठेवायचा. लिव्हरमधल्या स्विचने मोटर बंद होते, पॅड मात्र अजून डिस्कला लागलेले नसतात. बोटाने सोड-दाब करत वळण काढायचं. हे एकदा जमलं की गिट्टीवरचा निम्मा घोळ संपतो.

आता हब तापण्याचं. मागे सात गिअर आहेत म्हणून मोटरलाही सात गिअर आहेत असा समज होतो. तसं नाही. हब मोटर थेट चाक फिरवते, चेन आणि गिअर फक्त तुमच्या पायांसाठी. चाक हळू फिरलं की मोटरही हळू फिरते, आणि हळू फिरणारी मोटर करंट तेवढाच खाते पण त्याचं काम थोडं आणि उष्णता जास्त करते. ताशी ७-८ च्या खाली लेव्हल ५ वर दहा मिनिटं म्हणजे आतली वाइंडिंग (तारेची गुंडाळी) भाजणं. या हबच्या पोटात नायलॉनचे दातेरी चक्र असतात, तेही गरमीत मऊ पडून दात सोडतात.

म्हणून चढ किंवा रेती लागण्याच्या आधीच मागचा सगळ्यात मोठा दात्या टाका, पाय मिनिटाला ६०-७० फेरे फिरत राहिले पाहिजेत, वेग दहाच्या वर ठेवा. वेग टिकत नसेल तर लेव्हल वाढवू नका, उतरून चाला. बहुतेक डिस्प्लेत वजाचं बटन दाबून धरलं की गाडी माणसाच्या चालीने, ताशी सहाच्या आसपास, सोबत चालते. पांदणीत त्याचाच उपयोग करा.

तिसरा मुद्दा स्वाभाविक. भार पडला की बॅटरीचा व्होल्टेज बसतो, भार काढला की उठतो. दांड्या पाहूच नका. डिस्प्लेत व्होल्ट दिसत असतील तर गाडी थांबवून मिनिटभराने वाचा: ४२ म्हणजे पूर्ण, ३९ म्हणजे साधारण पाऊण, ३७ ला निम्मी, ३५ ला घरचा रस्ता धरा.

कोरडवाहू

+१. "उतरून चाला" हे कोणी दुकानदार सांगत नाही.

वायरमन

चार्जिंगबद्दल लिहितो, कारण गावाकडे गाडी रस्त्यावर कमी आणि बोर्डावर जास्त बिघडते.

३६ व्होल्ट × १०.४ एएच = ३७४ वॉट-अवर. आत बहुधा १८६५० आकाराचे ४० सेल असतात, दहाची एक ओळ अशा चार. चार्जर ४२ व्होल्ट २ अँपिअरचा असेल तर रिकामी बॅटरी भरायला पाच-साडेपाच तास. चार्जरमधली घट धरूनही अर्धा युनिट लागत नाही, त्यामुळे बिलाची काळजी सोडा. काळजी या गोष्टींची करा:

चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. कमी व्होल्टेज तो सहन करतो, जास्त नाही. डीपीवर (गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात ३००-४०० व्होल्ट येऊ शकतात. बल्ब एकदम पांढरेफटक पेटले, पंखा पिसाळला, की आधी चार्जरचा प्लग उपटा. विहिरीवरच्या मोटरच्या पेटीतून तर चार्ज करूच नका. दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटर चालवायची सवय ज्या शिवारात आहे तिथे त्या पेटीत कधी काय येईल याचा भरवसा नसतो.

दुसरं, फवारणी पंपाचा चार्जर. बॅटरीवरचा पंप १२ व्होल्टचा असतो आणि त्याची गोल पिन काही सायकलींच्या पिनसारखीच बसते. सायकलचा ४२ व्होल्टचा चार्जर पंपाला लागला तर पंपाची बॅटरी गेली समजा. दोन्ही चार्जरच्या वायरला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी आजच गुंडाळा.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. दिवाळीनंतर घरात कापूस येतो आणि पुढच्या खोलीत ढीग लागतो. त्या खोलीत बॅटरी चार्ज करायची नाही. कुटाराच्या (जनावरांच्या भुशाच्या) कोठ्यातही नाही. लिथियमची आग पेटली तर पाण्याच्या बादलीने लवकर विझत नाही, आणि शेजारी कापूस असेल तर पाहायलाच नको. फरशीवर किंवा ओट्यावर, दारापासून बाजूला, म्हणजे बाहेर पडायची वाट अडणार नाही अशा जागी, माणूस जागा असताना. पडलेली, फुगलेली, गोड-रासायनिक वास मारणारी बॅटरी घरात ठेवायचीच नाही, अंगणात मोकळ्यावर ठेवा.

निंबाची_सावली

राजेहो, बॅटरी टिनाच्या खोलीत ठेवू नका म्हंजे नका. मे महिन्यात दुपारी तिथं पापड भाजून निंगतात, तं त्या सेलाचं काय होईन!

हिशोब साधा हाय. बाहेर ४५-४६ असन तं टिनाखाली पन्नासच्या वर जाते. हे सेल ४५ च्या वर चार्ज करू नये असं बनवणारेच सांगतात. मंग दुपारी शेतातून आले, गाडी तापली, अन् लगेच पिन खुपसली तं बॅटरीचं आयुष्य कमी होनारच. काढून घरात आना, मातीच्या भिंतीच्या खोलीत नाई तं माठाजवळच्या कोपऱ्यात दोन घंटे राहू द्या, मंग रात्री जेवल्यावर लावा अन् झोपायच्या आधी काढा. कूलरसमोर ठेवू नका, फवारा उडते.

पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी राहनार असन तं पूर्ण भरून ठेवू नका, रिकामीबी नाई. अर्ध्यावर, ३७-३८ व्होल्टवर ठेवा, अन् महिन्यातून एकदा पाहून घ्या. पूर्ण भरलेली अन् तापलेली, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या का ते लवकर म्हातारी होते.

सराटे_तज्ज्ञ

पंक्चरवर कोणीच बोललं नाही म्हणून. तिन्ही मागेच झाले याचं कारण मोटर आणि माणूस, दोन्हींचं वजन मागे आहे.

आपल्याकडे काटे दोन जातीचे. सराटे, म्हणजे गोखरू, दिवाळीच्या आसपास धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेला वाळून पडतात. तो आखूड पण एका वेळी पाच-सहा टोचतात. दुसरा बाभळीचा किंवा बोरीचा, कुंपणाच्या काट्या ओढून नेताना वाटेत पडलेला. तो लांब, कडक, आणि टायरमध्ये टोक मोडून आत राहतो. नवी ट्यूब टाकली तरी दोन किमीवर पुन्हा फुस्स, ते या टोकामुळे. बोटाने शोधू नका, बोट फाटतं. वेचलेल्या कापसाची चिमूट घ्या आणि टायरच्या आतून गोल फिरवा. टोक असेल तिथे तंतू अडकतो. चिमट्याने बाहेरून नाही, आतून ओढा.

दुसरी गोष्ट, हबवालं चाक शेतात काढूच नका. १८ चा पाना, वायरची पिन, टॉर्क वॉशर, त्यावर कापलेले प्लास्टिक टाय, आणि परत बसवताना एक्सल उलटा फिरला तर वायर चिरडली. गाडी उलटी करा, टायरची एकच बाजू टायर काढायच्या पट्टीने उतरवा, ट्यूबचा भोकाजवळचा तेवढाच भाग बाहेर काढा आणि तिथल्या तिथे पॅच मारा. सोल्युशन लावून पाच मिनिटं वाळू द्यायचं, ओलं असताना पॅच दाबला तर या उन्हात तो सरकतो.

प्रतिबंध म्हणून ट्यूबमध्येच काटाबंद जेल. मोटरसायकलसारखा व्हॉल्व्ह असेल तर आतली पिन काढून १२० ते १५० मिली भरा, हवा भरा आणि लगेच दोन किमी चालवा. काटा दिसला तर उपटा, भोक खाली येईल असं चाक थांबवा.

हवा: ७५ किलोच्या माणसाला मुरमावर पुढे २८-३०, मागे ३४-३६ पीएसआय. चाळीसच्या वर गिट्टीवर गाडी उड्या मारते, तीसच्या खाली मागची ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

गिट्टीखदान

जेलपेक्षा सरळ ट्यूबलेस करा. ट्यूबऐवजी टायरमध्ये दुधासारखा लेटेक्स (भोक बुजवणारा द्रव) टाका, वजन कमी, पकड चांगली.

सराटे_तज्ज्ञ

पुणे-मुंबईला ठीक. विदर्भाच्या उन्हाळ्यात लेटेक्स दोन-अडीच महिन्यांत वाळून आत रबराच्या गोळ्या होतात. शिवाय या किमतीच्या गाडीची रिम बहुधा ट्यूबलेससाठी बनवलेली नसते, टायर कडेला घट्ट बसत नाही, आणि कमी हवेत वळणावर फट्‌कन उतरतो. ज्याच्या रिमवर तसं स्पष्ट लिहिलंय त्याने खुशाल करावं, फक्त उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी द्रव तपासावा.

काळी_कसदार

धागाकर्त्याच्या दोन किमी पांदणीबद्दल. खारपाणपट्ट्यातली (खाऱ्या पाण्याच्या भागातली) माती ओली झाली की ती माती राहत नाही, कणीक होते. चार फेऱ्यांत टायर आणि फोर्कच्या मधली जागा भरते आणि चाक रुतून नाही, जाम होऊन थांबतं. अशा वेळी थ्रॉटल पिळत राहिलं तर चाक फिरत नाही आणि मोटरमध्ये पूर्ण करंट जातो. कंट्रोलर (मोटरला करंट देणारी पेटी) चांगला असेल तर बंद पडतो, नसेल तर जळतो. चाक फिरेना की दोन सेकंदांत हात काढायचा. सोबत खुरपं ठेवा, बोटभर रुंदीची काडीही चालते, गिट्टीसारखी दगडी वस्तू नको, फोर्कची पॉलिश जाते.

पाऊस पडल्यावर वरची माती भुरी दिसेपर्यंत पांदण टाळा, त्याआधी सायकल खांद्यावर येते. २४ किलो.

धुण्याबद्दल: वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप हबवर आणि क्रँकवर मारू नका. पाणी बेअरिंगच्या सीलमधून आत जातं आणि वायरच्या कडेने मोटरमध्ये. चिखल वाळू द्या, ठोकून पाडा, ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसा. नाला ओलांडायचा तर पाणी एक्सलच्या खाली पाहिजे, या चाकाचा एक्सल जमिनीपासून जेमतेम ३४-३५ सेंमीवर असतो. हबमधून निघणारी वायर आधी खाली झुकून मग वर जाईल अशी बांधा, म्हणजे थेंब वळणावरून गळून पडतो.

उन्हाळ्यात उलटं संकट, भेगा. टायर ५७ मिमीचा आहे, भेग तेवढी रुंद भेटते. भेगेला आडवं जा, समांतर नाही.

तिखट_रस्सा

याच गाडीने परतवाड्याहून चिखलदरा चढता येईल का? बॅटरी पुरेल?

सातपुडा_चढाव

हिशोब करू. परतवाडा समुद्रसपाटीपासून ३७० मीटरच्या आसपास, चिखलदरा १,११८. फरक साडेसातशे मीटर, अंतर तीसेक किमी.

माणूस ७५, गाडी २४, पाणी-सामान ६, एकूण १०५ किलो. एवढं वजन ७५० मीटर उचलायला साधारण २१५ वॉट-अवर लागतात. टायरचं घर्षण आणि वारा मिळून ताशी बाराच्या वेगाला आणखी सव्वाशेच्या जवळ. म्हणजे ३४० धरा. मोटर-कंट्रोलर मिळून शंभरातले सत्तर कामाला लावतात, बाकी उष्णता. फक्त थ्रॉटलवर गेलात तर बॅटरीतून ४८० हवेत आणि आहेत ३७४. घाटातच संपणार.

पायांनी अडीच तास ८० वॉट दिले (धाप न लागता बोलता येईल एवढा जोर) तर २०० वॉट-अवर तुमचे. उरलेल्या १४० साठी बॅटरीचे २०० जातील. निम्म्याहून थोडी कमी बॅटरी घेऊन वर पोहोचाल. लेव्हल २, सगळ्यात हलका गिअर, आणि दर पाच-सहा किमीला हबला हात लावून पाहणं. हात तीन सेकंद ठेववत नसेल तर वीस मिनिटं सावलीत.

उतारावर बॅटरी भरेल असं समजू नका. या हबमध्ये एकाच दिशेने धरणारा क्लच असतो, चाक पुढे पळालं की मोटर सुटी होते. सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. १६० मिमीच्या डिस्कवर सतत दाबून उतरलात तर पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात. वळणाआधी जोरात दाबा, मग पूर्ण सोडा.

मिड_ड्राइव्ह_प्रेमी

म्हणूनच क्रँकवरची मोटर घ्यावी. ती चेनमधून काम करते, त्यामुळे तुमचा हलका गिअर मोटरलाही मिळतो, चढावर तापत नाही.

वायरमन

बरोबर, पण किंमत कित्येक पट, आणि चेन-फ्रीव्हील दुप्पट वेगाने झिजतात. जोरात असताना गिअर बदलला तर चेन तुटते. तालुक्याच्या ठिकाणी सुटा भाग मिळणार नाही. शाळा, शेत, बाजार एवढ्यासाठी हब पुरे.

धुऱ्यावरची_वाट

दोन कायद्याच्या गोष्टी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम २(यू): मोटर ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ पेक्षा कमी आणि मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासलेली असेल तर ती मोटार वाहनात धरत नाहीत, नोंदणी-लायसन्स लागत नाही. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगाचं बंधन उडवलं की ही सूट गेली. मग अपघातात विमा नसलेलं, नोंदणी नसलेलं वाहन ठरतं.

दुसरं, मेळघाट किंवा ताडोबाच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ मध्ये बसतं, सायकल असली तरी. आणि ही गाडी आवाज करत नाही. पायी माणसाची चाहूल लागते, हिची नाही. संध्याकाळी तुरीच्या वावरातून रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर थेट चाकासमोर येतं. जंगलाला लागून असलेल्या वाटेवर वळणाआधी घंटी वाजवत जा, आणि दिवस मावळायच्या आत परत या.

कोरडवाहू

पहिल्या दोनशे किमीत करायची कामं राहिली.

ब्रेक बसवणे: रिकाम्या रस्त्यावर २० वरून ५ पर्यंत वेग आणा, पूर्ण थांबू नका, असं वीस वेळा. केबल ताणते, लिव्हर मुठीला टेकायला लागला की लिव्हरजवळची गोल नळी दोन-तीन आटे बाहेर फिरवा. आतला पॅड ५ च्या एलन कीने डिस्कच्या जवळ आणा, फट लग्नपत्रिकेच्या जाड कागदाएवढी.

मागच्या चाकाचे आरे: शंभर-दीडशे किमीला ढिले होतातच, मोटर ओढते म्हणून. बोटाने छेडा, बाजूच्या सगळ्यांपेक्षा जो भसाड्या आवाजाचा तो ढिला. धागाकर्त्याने हे आठवड्यात करून घ्यावं. एक्सलचे नटही तपासा.

पांदणवाला (धागाकर्ता)

आभार सगळ्यांचे. लेव्हल २ आणि ब्रेकची युक्ती लागू पडली, हब आता कोमटच राहतो. नवीनच प्रश्न आलाय: कालपासून डिस्प्ले पेटतो, व्होल्ट ४० दाखवतो, पण पॅडल किंवा थ्रॉटल कशानेच मोटर उठत नाही.

वायरमन

दोन्हींनी नाही म्हणजे पॅडलचा सेन्सर नव्हे. आधी ब्रेकचा स्विच. लिव्हर पूर्ण परत येतोय का पाहा. हँडलखाली दोन्ही लिव्हरच्या बारीक वायरच्या पिना आहेत. उजवी काढा, चाक उचलून थ्रॉटल द्या. नाही उठली तर ती लावा, डावी काढा. ज्या बाजूची काढल्यावर उठेल तोच लिव्हर अडकलाय. पिनवर बाण असतो, लावताना बाणाला बाण.

पांदणवाला (धागाकर्ता)

डावा निघाला. लिव्हरच्या खाचेत वाळलेली काळी माती आणि तिला चिकटलेला कापसाचा तंतू होता. टाचणीने काढला, थेंबभर तेल सोडलं, लिव्हर टक्‌ करून परत येतो.

वायरमन

तेल नको, त्याला पुन्हा माती चिकटेल. पुसून टाका आणि कोरडाच ठेवा.